मूळ प्रत आणि लहान प्रत
(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, गणित व पटनोंदणी यांसारख्या थोर विषयांवर आपण विद्वानांची भाषणे ऐकलीत. माझ्याकडे आलेला विषय त्यामानाने फार लहान आहे. पुष्कळ छायाचित्रे एकाच वेळी लहान कशी करावी, आणि तेही लिनक्स प्रणालीच्या संगणकावर केवळ एक ओळ टंकित करून, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु शाळेत लहान वाटणाऱ्या कामातच पुष्कळदा मोठी हानी होते. अशी एक हानी माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. तीच सांगण्यासाठी मी प्रामुख्याने येथे उभा आहे.

प्रथम गरज कोणती ते पाहू. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात कॅमेरा आहे. वृक्षारोपण, पोषण आहार, पालकसभा, वर्गखोलीची दुरुस्ती, या सर्वांची छायाचित्रे आपणांस काढावी लागतात व वर पाठवावी लागतात. हल्लीचा साधा भ्रमणध्वनीही एका चित्रास तीन-चार मेगाबाइट जागा घेतो. आणि पाठविण्याच्या ठिकाणी शंभर किंवा दोनशे किलोबाइटांची मर्यादा घातलेली असते. माणमधील वस्तीशाळेत किंवा शिराळ्याच्या डोंगरकपारीत जेथे संपर्काची रेघ मोठ्या कष्टाने दिसते, तेथे मोठे चित्र अर्ध्या वाटेतच अडकते. मग शिक्षक एकेक चित्र उघडतो, लहान करतो, जतन करतो. एका चित्रास दोन मिनिटे धरली तरी तीनशे बारा चित्रांस सहाशे चोवीस मिनिटे, म्हणजे दहा तास चोवीस मिनिटे लागतात. हा वेळ मुलांच्या वाट्याचा आहे. म्हणून हे काम संगणकाकडून एका आज्ञेत करून घेणे हा आळस नसून कर्तव्य आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या छायाचित्रांकडे वळू. आपल्या जुन्या शाळांतून दाखलखारीज रजिस्टरे आहेत. काही मोडीत आहेत, काही बाळबोधीत. कागद पिवळे पडले आहेत, कडा झिजल्या आहेत. त्यांची पाने छायाचित्रित करून ठेवण्याचे काम अनेक शाळांनी केले आहे व अनेकांस करावयाचे आहे. या रजिस्टरातील एका ओळीचे मोल काय असते, याचे उदाहरण शोधावयास सातारकरांस दूर जावे लागत नाही. सातारा शहरातील त्या वेळच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात अनुक्रमांक १९१४ समोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे ते नाव आहे व पुढे त्या बालकाची स्वाक्षरी आहे. शाळेने ती नोंद जपली. आणि २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरविले. ज्या कारकुनाने वा शिक्षकाने त्या दिवशी टाक दौतीत बुडविला, त्यास आपण कोणाचे नाव लिहीत आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने केवळ आपली ओळ नीट लिहिली, व पुढच्यांनी ती नीट राखली. आपल्या रजिस्टरातील कोणती ओळ पुढे कोणाच्या उपयोगी पडेल हे आपणांसही ठाऊक नाही. म्हणून सर्वच ओळी राखावयाच्या असतात.

मी मात्र ती राखली नाही. कृष्णाकाठच्या एका गावी मुख्याध्यापक असताना २०१८ च्या दिवाळीच्या सुटीत मी जुन्या रजिस्टरांची तीनशे बारा पाने मोठ्या हौसेने छायाचित्रित केली. सर्व मिळून सुमारे सव्वा गीगाबाइट भरली. ती एका सहकाऱ्यास पाठवावयाची होती, म्हणून लहान करावी असे ठरविले. लिनक्सची आज्ञा मी नुकतीच शिकलो होतो. घाईने ती टंकित केली, कळ दाबली, आणि दोन-तीन मिनिटांत तीनशे बारा चित्रे लहान झाली. मला मोठी धन्यता वाटली. त्या आज्ञेने लहान चित्रे वेगळी ठेवली नव्हती. मोठ्या चित्रांच्या जागीच ती लिहिली होती, हे माझ्या ध्यानी आले नाही. ध्यानी आले तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली की, रजिस्टरे तर कपाटात आहेतच, सवडीने पुन्हा छायाचित्रे काढू.

ती सवड आली नाही. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या शाळेच्या कपाटाचा खालचा कप्पा कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. पाणी ओसरल्यावर रजिस्टरांचा चिखल हाती आला.

पुढील वर्षी एक वृद्ध गृहस्थ शाळेत आले. त्यांच्या वडिलांची नोंद त्यांस हवी होती. नातवाच्या शिक्षणाच्या कामी तो पुरावा लागत होता. मी संगणक उघडला. पान सापडले, ओळही सापडली. परंतु नावावरील अनुस्वार आहे की नाही, जन्मसाल १९३१ आहे की १९३९, हे काही केल्या ठरेना. चित्र जितके मोठे करून पाहावे तितके ते अधिकच अस्पष्ट होई. वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठविण्यापुरती तरी ती नोंद स्पष्ट दिसावयास हवी होती. शाळेच्या दाखल्यावर अंदाजाने अंक लिहिता येत नाही. तसे त्यांस सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, पुरानं नेलं, तुम्ही काय करणार?” त्यांनी नमस्कार केला व ते गेले. पुराने कागद नेला हे खरे. पण अक्षर पुराने नेले नव्हते, ते मी नेले होते. हे मी त्यांस त्या वेळी सांगू शकलो नाही. म्हणून आज आपणांस सांगत आहे.

आता हे असे का घडले, याचा विचार करू. संगणकातील चित्र म्हणजे चौकोनी वहीच्या पानासारखी बिंदूंची मांडणी होय. रुंदीत चार हजार व उंचीत तीन हजार बिंदू असले, तर एकूण एक कोटी वीस लाख बिंदू झाले. रजिस्टराची उघडी जोडपाने सोळा इंच रुंद धरा. चार हजार बिंदू सोळा इंचांत विभागले, म्हणजे दर इंचास अडीचशे बिंदू आले. अक्षराची उंची इंचाचा आठवा भाग असेल तर त्यास सुमारे एकतीस बिंदू मिळतात. आणि अनुस्वाराचा ठिपका इंचाचा बत्तिसावा भाग असेल तर त्यासही सात-आठ बिंदू मिळतात. मी चित्राची रुंदी सहाशे चाळीस केली होती. म्हणजे दर इंचास चाळीस बिंदू. अक्षरास पाच, अनुस्वारास कसाबसा एक. पाच बिंदूंत ‘१’ आणि ‘९’ यांतील भेद कसा राहावा?

गेलेले बिंदू पुन्हा का आणता येत नाहीत, हेही शिक्षकास सहज समजेल. वर्गातील चाळीस मुलांच्या गुणांची सरासरी आपण काढतो. गुणपत्रिका फाडून टाकली व केवळ सरासरी जवळ ठेवली, तर त्या सरासरीवरून कोणत्या मुलास किती गुण होते हे कोणी सांगू शकेल काय? चित्र लहान करताना संगणक असेच शेजारशेजारच्या अनेक बिंदूंचा मेळ घालून एक बिंदू तयार करतो. पुढे ते चित्र ताणून मोठे केले तरी ती सरासरीच मोठी दिसते. जाहिरातीतून अंधूक चित्र स्पष्ट करून देणारी साधने हल्ली दिसतात. ती गेलेले अक्षर परत आणीत नाहीत. तेथे काय असावे याचा तर्क करून नवे अक्षर रेखाटतात. दाखल्याच्या कामी असा तर्क अधिकच घातक होय.

साधनाची ओळख करून देतो. लिनक्स ही संगणक चालविणारी मुक्त प्रणाली आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींची ग्नू ही चळवळ आरंभिली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या अनेकांनी आपापली भर घातली. सहकाराची परंपरा असलेल्या आपल्या दोन जिल्ह्यांस ही रीत अपरिचित वाटू नये. ती विकत घ्यावी लागत नाही, आणि जुन्या, मंद झालेल्या संगणकावरही तिचे हलके प्रकार चालतात. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण याच मुक्त प्रणालीवर उभे केले आहे. १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ज्या स्वावलंबनाचा पाठ घातला, त्याच्याशी हे साधन सुसंगतच आहे.

चित्रे लहान करणाऱ्या आज्ञावलीचे नाव इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्युपाँट या कंपनीत काम करीत असताना ती लिहिली व १९९० मध्ये ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. तिच्यात ‘मॉग्रिफाय’ नावाची आज्ञा आहे; इंग्रजीत एम-ओ-जी-आर-आय-एफ-वाय अशी अक्षरे टंकित करावी. तिचा स्वभाव ध्यानात ठेवा : वेगळे काही सांगितले नाही, तर ती मूळ चित्रावरच नवे चित्र लिहिते, आणि तसे करण्यापूर्वी विचारीत नाही. माझी हानी तिच्या दोषाने झाली नाही. तिचा स्वभाव जाणून न घेतल्याने झाली.

आता कृती. पुढील आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देत आहे. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत व इंग्रजी अंकांत टंकित करावयाच्या आहेत. प्रत्येक शब्दानंतर एक मोकळी जागा सोडावी.

पहिली पायरी : उबुंटू, मिंट वा डेबियन असल्यास टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल इमेजमॅजिक’ ही आज्ञा द्यावी व परवलीचा शब्द टंकित करावा. हे एकदाच करावयाचे असते, व त्या वेळी इंटरनेट लागते.

दुसरी पायरी : सर्व मूळ चित्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर करून तो शाळेबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवावा. पूरग्रस्त गावांतील बांधवांस याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरी पायरी : चित्रे ज्या फोल्डरात आहेत त्यावर उजवी कळ दाबून तेथेच टर्मिनल उघडावे. मग ‘एमकेडीआयआर लहान’ अशी आज्ञा द्यावी. पहिल्या शब्दाची पाच इंग्रजी अक्षरे जोडून लिहावयाची. ‘लहान’ हे नाव एल-ए-एच-ए-एन असे लिहावे. याने ‘लहान’ नावाचा रिकामा फोल्डर तयार होतो.

चौथी पायरी ही मुख्य होय. आज्ञा अशी :

मॉग्रिफाय -पाथ लहान -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ '१६००एक्स१६००>' -क्वालिटी ८० *.जेपीजी

हिचा पदच्छेद करू. ‘पाथ लहान’ म्हणजे नवी चित्रे लहान फोल्डरात ठेव; या दोन शब्दांनीच मूळ चित्रे वाचतात, आणि हेच दोन शब्द मी गाळले होते. ‘ऑटो-ओरिएंट’ म्हणजे आडवी पडलेली चित्रे सरळ कर. ‘रिसाइझ’पुढील अंकांचा अर्थ असा की, चित्राची लांब बाजू सोळाशे बिंदूंहून अधिक असू नये; लांबीरुंदीचे प्रमाण आपोआप राखले जाते, चित्र चेपत नाही. एक्स हे इंग्रजी अक्षर दोन अंकांच्या मध्ये जोडूनच लिहावे. पुढचे ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह सांगते की, मोठी चित्रेच लहान कर, लहान असलेली ताणून मोठी करू नकोस. या चिन्हाचा टर्मिनलमध्ये दुसराही अर्थ होतो, म्हणून तो भाग एकेरी अवतरणचिन्हांत घालण्यास विसरू नये. ‘क्वालिटी ८०’ म्हणजे चित्राचा दर्जा पुरेसा राखून जागा वाचव. शेवटची तारका म्हणजे ‘या प्रकारची सर्व’. येथे एक सूचना : काही कॅमेरे नावाच्या शेवटी जेपीजी ही अक्षरे मोठ्या लिपीत लिहितात. लिनक्स लहान व मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानतो; अशा वेळी आज्ञेतही मोठीच अक्षरे लिहावी.

कळ दाबल्यावर संगणक काही वेळ गप्प राहील. काम सुरळीत झाले तर तो काहीच बोलत नाही. केवळ पुढच्या ओळीवर वाट पाहात उभा राहतो. चूक असेल तरच बोलतो. या मौनाने घाबरून पुन्हा पुन्हा कळा दाबू नयेत.

पाचवी पायरी : मोजणी. सहलीस निघताना व परतल्यावर आपण मुले मोजतो, तशी मूळ फोल्डरातील व लहान फोल्डरातील चित्रे मोजावी. संख्या जुळली पाहिजे. मग दोन-चार लहान चित्रे उघडून वाचून पाहावी. सोळा इंची जोडपानास सोळाशे बिंदू म्हणजे दर इंचास शंभर. पाठवून वाचण्यापुरते अक्षर बहुधा यात राहते. तरीही जपून ठेवावयाची प्रत ही नव्हे, हे विसरू नये.

एखाद्या ठिकाणी शंभर किलोबाइटांचीच अट असेल, तर त्याच आज्ञेत ‘रिसाइझ’च्या अगोदर ‘-डिफाइन जेपेग:एक्स्टेंट=१००केबी’ हे शब्द घालावे; यांतील ‘जेपेग’ हा शब्द जे-पी-ई-जी असा लिहावा. त्या मर्यादेत चित्र बसावे म्हणून दर्जा किती उतरवावा हे संगणक स्वतः शोधतो. वृक्षारोपणाच्या चित्रास हे चालेल. रजिस्टराच्या पानास मात्र ही कात्री लावल्यावर अक्षर वाचूनच पुढे पाठवावे. ही सर्व कृती नवशिक्याने प्रथम दोन निरुपयोगी चित्रांवर करून पाहावी, व मगच खऱ्या कामास हात घालावा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. चित्रे लहान करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत, व ती सोपीही आहेत. परंतु तेथे चित्र चढविले की ते आपल्या हातून परक्याच्या संगणकावर जाते. रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, पालकाचे नाव असते. वर्गाच्या छायाचित्रात बालकांचे चेहरे असतात. पालकांनी हे सर्व शाळेवर विश्वासून दिलेले असते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी भारताच्या संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला, व त्यात अठरा वर्षांखालील मुलांचा विशेष विचार आहे. कायदा नसता तरी शिक्षकाचा धर्म हाच होता. आपण पाहिलेली आज्ञा शाळेच्याच संगणकावर चालते; चित्र उंबऱ्याबाहेर जात नाही. शिवाय भ्रमणध्वनी कित्येकदा चित्राच्या पोटात ते कोठे व केव्हा काढले याची नोंद ठेवतो. मुलांची चित्रे बाहेर पाठविताना ही नोंद काढून टाकावयाची असल्यास ‘ऑटो-ओरिएंट’नंतर ‘-स्ट्रिप’ हा शब्द घालावा. तो अगोदर घातला तर चित्र सरळ कोणत्या बाजूने, ही खूणही पुसली जाते. मूळ प्रतीतील नोंद मात्र तशीच राहू द्यावी. बांधकामाच्या वा पंचनाम्याच्या कामी तारीख व ठिकाण यांचाच पुरावा होतो.

बंधुभगिनींनो, हे सारे आपणांस नवे नाही, असे मला शेवटी सांगावयाचे आहे. विद्यार्थी दाखला मागावयास येतो तेव्हा आपण रजिस्टराचे पान फाडून देत नाही. रजिस्टर कपाटात राहते, आणि मागणाऱ्यास हवी तेवढीच माहिती लिहून, सही-शिक्का करून आपण देतो. मूळ नोंदीत खाडाखोड करावयाची नाही, हा नियम नव्या शिक्षकास पहिल्याच दिवशी सांगितला जातो. छायाचित्रासही तोच नियम लावावा. मूळ चित्र हे रजिस्टर. लहान चित्र हा दाखला. दाखले कितीही द्यावे, लहान करावे, पाठवावे. रजिस्टरास हात लावू नये.

आपल्या कपाटातील जुनी रजिस्टरे अद्याप शाबूत असतील, तर येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढा, मूळ प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि मगच ही आज्ञा चालवा. माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांस मी रिकाम्या हाताने परत पाठविले. आपल्या दारी येणाऱ्यांस तसे जावे लागू नये, एवढीच माझी विनंती आहे.